पाचवीला मांडलेला दगुड

१

ईहीरीतला दगुड वर वढायच्या यारीवरनं घरी आल्यावर कानिफनाथाचा एक नेम हुता. दारातल्या टाकीवर हातपाय धुवायचे, डोक्यातला दगडाचा भुगा झटकायचा, आन मदघराच्या दाराशी जाऊन खाकरायचं. आत त्याची बायको पंकजा बाळंतीन. आत यायचं का न्हाई ते त्याची आई ठरवनार.

"ये," बायडाबाई आतनं म्हनायची, "पर शेगडीवर हात शेकल्याबिगर पोरीला शिवू नको. ईहीरीतला समदा गारठा घिऊन येतोस."

"माझ्या पोरीला शिवायला तुझा परवाना लागतो व्हय?"

"लागतो. तू झाल्तास तवा तुझ्या बापाला बी लागत हुता."

कानिफनाथाचं डोकं म्हंजी सुरुंगाची वात. एकदा पेटली की समोरच्यानं पळायचं. ईहीरी खांदायच्या धंद्यात निम्म्या मालकांशी त्याची भांडनं झालेली. पर ह्या दाराशी आला की त्याचा आवाज आपसूक खाली यायचा.

मदघर धाब्याचं. भिंती हातभर जाड मातीच्या, खिडकी न्हाई. वर एक झरोका हुता, त्यात बायडाबाईनं गोधडीचा बोळा कोंबलेला, बाळंतिनीला वारा लागू ने म्हनून. दाराच्या फटीत बी चिंध्या. आत भर दुपारी बल्ब लावाय लागायचा. शेगडी, ओव्या-शेपाची धुरी, आन जुन्या लुगड्याच्या झोळीत पोरगी. मुठीएवढं तोंड, ते बी झोपेत रागावलेलं. बापावर गेल्ती.

बाजंच्या उशाला देवळी हुती. देवळीत काचंच्या वाटीत, पान्यात, त्यो पिवळा खडा.

ईहीर खांदताना काळ्या खडकात कवा कवा पोकळी लागती, आन आत पांढरी, चकचकीत दगडाची फुलं आसत्यात. ती इकत घ्यायला शेवगावचा पीरमहंमद यायचा. मागल्या खेपंला त्याच्या पेटीत हा खडा हुता. पिवळा, हिरवट झाक असलेला, कच्च्या लिंबावर ऊन पडल्यावानी. पातळ पातळ पानं एकावर एक रचल्यागत, अभ्रकासारखी, पर नखानं सुदीक खरवडंल इतकी मऊ. कानिफनाथाला पंकजाची याद आली. त्यानं मोठं पांढरं फूल दिलं आन खडा घेतला.

"आपल्याकडच्या खडकात असलं घावत न्हाई," पीरमहंमद म्हनला हुता. "कुनी लांबच्या व्यापाऱ्यानं अदलाबदलीत धाडलाय. नाव मला बी ठाव न्हाई. फकस्त कोरड्यात ठिवू नको. वाळला का चुरा व्हतो."

म्हनून वाटी, म्हनून पानी.

त्या दिशी पोरीच्या अंगावरनं बोट फिरवता फिरवता कानिफनाथाची नजर देवळीत गेली. वाटी कोरडी ठाक.

"पानी घालायचं इसरलीस व्हय गं?"

"सकाळीच काठोकाठ घातलं की," पंकजा म्हनली.

"मंग कोन प्यालं?"

"दगुडच प्याला आसंल," बायडाबाई म्हनली. "लागती एखाद्या दगडाला तहान. तुझ्यावानी."

तिघं बी हासली. कानिफनाथानं वाटी परत भरली. शेगडीची धग, आटलं आसंल. पर भाईर पडताना त्यानं शेजारच्या तांब्यात बघितलं. त्यो बी उघडा, त्यो बी सकाळचाच. त्यातलं पानी काठाला काठ हुतं.

२

ह्या पोरीच्या आधी एक पोरगं झाल्तं. धट्टंकट्टं, रडाय लागलं की गल्ली गोळा करायचं. चौथ्या दिशी दूध सोडलं आन पाचव्याची पहाट त्यानं बघितली न्हाई. घरात त्याचं कोनी नाव काढत न्हवतं. नाव ठिवायलाच सवड मिळाली न्हवती.

पाचव्या दिशी सटवाई येती. लेकराच्या कपाळावर त्याचं नशीब लिव्हून जाती. त्या आधीच गेलं त्याचं काय लिव्हायचं ऱ्हाईलं, ह्ये बायडाबाईला कोन इचारनार?

म्हनून ह्या पोरीची पाचवी येईस्तवर घरात कोनी मोकळा श्वास घेतला न्हाई. पाचवीला सटवाई म्हनून पाटा मांडत्यात. घरात पाटा हुता, पर त्यो त्या पोराच्या वक्ताला घासूनपुसून तयार केलेला, आन तसाच भितीला टेकवून ऱ्हायलेला. बायडाबाईनं त्याच्याकडं बघितलं आन तोंड फिरवलं.

"ह्यो नगं. ह्यो अपेशी हाय."

"मंग शेजारनं मागून आनतो," कानिफनाथ म्हनला.

"मागून आनलेल्या दगडावर सटवाई बसत न्हाई. घरातलाच लागतो." तिची नजर देवळीत गेली. "ह्यो काय वाईट हाय? अंगानंच हळदीचा हाय."

तिनं खडा पान्यातनं काढला, चौरंगावर तांदळाच्या ढिगावर ठिवला, पोरीच्या उशाशी. काढताना त्याची दोन-चार पानं सुटली आन हळदीच्या वाटीत पडली. हळद कंची, पानं कंची, काय कळनार? बायडाबाईनं बोटानं चुरून कालवलं. पंकजाला लावलं, पोरीला लावलं, झोळीच्या दोरीला लावलं, बाजंला लावलं, उंबऱ्याला लावलं. कोरा कागद ठिवला, पेन ठिवला, दिवा लावला. आन मंग समदी निजली, कारन सटवाई येताना जागं ऱ्हायचं नसतं.

सकाळी पोरगी हातपाय झाडत दूध मागत हुती. कानिफनाथाला नाचावं वाटलं. त्यानं चौरंगावरचा कागद उचलला, उलटापालटा केला.

"कोराच की गं आये. तुझी सटवाई बी माझ्यावानीच दिसती. चौथी नापास."

"कागद नावाला आस्तो, येड्या. लिव्हती ती कपाळावर." बायडाबाई आनंदात हुती, तिनं शिवी बी दिली न्हाई. "आन ते मानसाला दिसत न्हाई. दिसत न्हाई म्हनून तर मानूस जगतंय."

देवळीतली वाटी भरायला गेला तर खडा आधीच परत वाटीत हुता.

"तूच ठिवलास न्हवं?" त्यानं आईला इचारलं.

"मी अजून हात बी लावला न्हाई," ती म्हनली. "पंकीनं ठिवला आसंल."

पंकजा गाढ झोपली हुती. त्यानं तिला उठवलं न्हाई.

३

पीरमहंमद आला त्यो पेटी न घेताच. मोटारसायकल रस्त्यातच सोडली. हातात कापडात गुंडाळलेलं ते पांढरं फूल.

"कानिफभाऊ, तुझं फूल घे. माझा पिवळा खडा दे."

कानिफनाथ जेवत हुता. वात पेटली. "का रं? मोठं गिऱ्हाईक गाठलंस जनू! दिलेली वस्तू परत मागतोस, बाजारात बसतोस का पोराटोरांत गोट्या खेळतोस?"

"भाऊ, ऐक तर."

"न्हाई देनार. माझ्या पोरीच्या पाचवीला मांडलाय त्यो. आता त्यो घरातला हाय."

"पोर झालंय तुला?" पीरमहंमदाचं तोंड उतरलं. "खडा कुटं हाय?"

"मदघरात. तिच्या उशाला."

"खिडकी हाय त्या खोलीला?"

"बाळंतिनीच्या खोलीला कुटं खिडकी आस्ती?"

पीरमहंमदानं हातातलं फूल पायरीवर ठिवलं. "या अल्ला," एवढंच म्हनला.

मंग त्यानं सांगितलं. फोटू धाडला हुता त्यानं एका जानकाराला, तिकडनं फोन आला. खड्याचं नाव ऑट्युनाइट. त्यात युरेनियम आसतं. बाँबमधी आसतं तेच, आन फॉस्फेट, आन पानी. पानी उडालं की पानं सुटत्यात, पीठ व्हतं. "आन त्यातनं काहीतर निघत ऱ्हातं, भाऊ. दिसत न्हाई, वास न्हाई, आवाज न्हाई. थांबत बी न्हाई. आपून मरू, आपली नातवंडं मरतील, तरी निघतच ऱ्हानार. मोकळ्यावर ठिवला तर उडून जातं, बंद खोलीत साठत बसतं. चुरा पोटात गेला तर लई वाईट."

कानिफनाथ उठला तो ताट लाथाडूनच. त्यानं पीरमहंमदाचं गचुरं धरलं. "आन हे तू मला आत्ता सांगतोस?"

"मला आत्ताच कळलं!" पीरमहंमदानं हात बी वर केला न्हाई. डोळ्यात पानी हुतं त्याच्या. "मार मला. मागनं मार. आधी त्यांना भाईर काढ."

कानिफनाथाची मूठ सुटली. जल्मात पैल्यांदा त्याला शिवी सुचंना.

पीरमहंमदानं खिशातनं बोटाएवढी बत्ती काढली. "जांभळा उजेड पडतो हिचा. खडे पारखायची हाय. खड्यावर धरली की हिरवागार पेटतो. जिथं जिथं तसं हिरवं दिसंल, तिथं तिथं त्याचा भुगा पोचलाय आसं समज. मी परका बाप्या, बाळंतिनीच्या खोलीत येत न्हाई. मी शिशाचा डबा घिऊन येतो. तवर खड्याला उघड्या हातानं शिवू नको."

४

मदघराच्या दाराशी त्यो खाकरला न्हाई. लाथ घालूनच आत गेला.

"उठा. दोघी बी भाईर व्हा."

"ह्या वाऱ्यात?" बायडाबाई उसळली. "अजून बारावं न्हाई झालं, आन ह्यो..."

"भाईर म्हनलो न्हवं!"

त्या आवाजाला माती गळाली वरनं. पंकजा त्याच्या तोंडाकडं बघून मुकाट उठली. चक्कर आली तिला, बायडाबाईनं धरली. दोघी वसरीवर गेल्या. "पोरीला मी आनतो," त्यो म्हनला, आन तेवढ्यात लाईट गेली. बल्ब इझला. बायडाबाईनं जाता जाता सवईनं दार लोटलं. आत आंधार.

आधी पोरगी उचलायची हुती. पर बत्ती हातात हुती, आन झोळी कुटं हाय ते दिसंना. त्यानं बटन दाबलं.

देवळीत खडा पेटला. हिरवा, काजव्यावानी, पर काजवा मिचकतो. ह्यो मिचकत न्हवता. वाटीचा काठ हिरवा. उंबऱ्यावर हिरवं, बाजंच्या माच्यावर हिरवं. कानिफनाथाचं डोकं चाललं. समदी आईची बोटं. तिचं मदलं बोट इळ्यानं कापलेलं, वाकडं. त्याचा ठसा वळखू येत हुता. हळद लावत फिरली ती, तिथं तिथं भुगा. बरूबर. हिशेब लागत हुता.

मंग त्यानं बत्ती झोळीच्या मागल्या भितीवर धरली.

तिथं बी बोटं हुती. पाच, सरळ, लांब. वाकडं एक बी न्हाई. त्याच्या खाली आनखी पाच, आनखी पाच. आढ्याच्या लाकडापासनं सुरू झालेली, खाली खाली येत झोळीपतुर. आढ्याला कोनाचा हात पोचतो? शिडीबिगर त्याचा बी पोचला नसता.

गेल्या साली चुना दिला हुता भितीला, तवाचं काहीतर आसंल. कुंचल्याचं. आसंल.

झोळी त्यानं डाव्या हातानं उघाडली. पोरगी जागीच हुती. रडत न्हवती. जांभळ्या उजेडात तिचे डोळे दोन काळे मनी. कपाळावर हळदीचा टिळा आसनार, गोल, आईच्या बोटाएवढा, हे त्याला ठाव हुतं.

टिळा न्हवता. वळी हुत्या. बारीक, एकाखाली एक, ह्या कानशिलापासनं त्या कानशिलापतुर, आन वर जावळात शिरलेल्या. केसाहून बारीक हिरव्या वळी.

चौथीपतुरच शिकलेला मानूस. त्यातली काही अक्षरं त्याला वळखीची वाटली. एक काना. एक वेलांटी. आन मधीच एक शब्द, त्यो वाचता येनार हुता, जिभंवर आलाच हुता.

त्यानं बत्ती इझवली. पोरीला छातीशी धरून दार शोधत भाईर पडला. उन्हात तिचं कपाळ सोच्छ हुतं, गव्हाळ, घामेजलेलं. ती रागानं रडाय लागली. त्याला आसं बरं वाटलं की त्यो तिथंच खाली बसला.

५

पीरमहंमदानं चिमट्यानं खडा शिशाच्या डब्यात घातला. दुसऱ्या दिशी, त्यानं कळवल्यावर, सरकारी मानसं आली. त्यांनी टकटक वाजनारं यंत्र घरभर फिरवलं, देवळीची माती खरवडून न्हेली, झोळी न्हेली, हळदीची वाटी न्हेली. पंकजाला न् पोरीला दवाखान्यात बघितलं, रगत-लघवी तपासली. पोरीच्या अंगावर यंत्र धरलं तर गप ऱ्हायलं.

"येळंवर काढलंत. सध्या काळजीचं काही दिसत न्हाई," डॉक्टर बाई म्हनल्या. "तपासाया मात्र येत ऱ्हावा."

मदघराला त्यांनी कुलूप लावाय सांगितलं. बिऱ्हाड पुढल्या पत्र्याच्या खोलीत आलं. वारं, उजेड, समदं मोकळं. हितं गोष्ट संपाय पायजे हुती.

पर कानिफनाथानं बत्ती परत दिली न्हवती.

एका दुपारी त्यानं पत्र्याच्या खोलीला घोंगड्या लावल्या. आपल्या सदऱ्यावर बत्ती धरली, निळसर उजाळला, साबनाचा गुन. आपल्या हातावर धरली, काही न्हाई. पोरीच्या कपाळावर धरली.

वळी तिथंच हुत्या. साबनानं रोज आंगुळ घालूनशान बी. उलट एक वाढली हुती, भिवईच्या वर.

ह्या खेपंला त्यानं डोळे बारीक करून घेतले, वाचायला यायला नको म्हनून.

"दिसलं व्हय तुला बी?" मागनं पंकजा म्हनली. ती कवाची मागं उभी हुती. बायडाबाई दारात. घोंगडीचा कोपरा धरून तिनं बी बघितलं हुतं. म्हातारीनं दोन्ही हात जोडले.

"यंत्र गप हाय," कानिफनाथ म्हनला. "म्हंजी त्या खड्याचं काही उरलं न्हाई. तरी मी पुसनार."

"पुसू नको!" बायडाबाईचा आवाज फाटला. "त्ये खड्याचं न्हाई. त्ये लिव्हलेलं हाय. पुसलंस तर पोरगी कोरी ऱ्हाईल. कोरं पोर जगत न्हाई, बाबा. बघितलंय आपून."

"आन हे लिव्हलेलं काय हाय ते ठाव हाय तुला? कोनाच्या हातचं हाय? तुझ्या सटवाईचा हात आढ्याला पोचतो व्हय?"

बायडाबाईनं जोडलेले हात खाली घेतले. आढ्याचं त्यानं कुनालाच सांगितलं न्हवतं. पर तिनं "कसलं आढं" आसं इचारलं न्हाई.

दोघं बी पंकजाकडं बघाय लागली. तिनं पोरीला मांडीवर घेतलं, डाळीचं पीठ दुधात कालवलेली वाटी पुढं सरकवली.

"पैल्याचं कोनी लिव्हलं न्हाई, त्यो गेला," ती म्हनली. "हिचं कोनी लिव्हलंय मला ठाव न्हाई. आईनं हळद लावली ती मायेनं लावली, तेवढं मला ठाव हाय. बाकीचं पुसा. कपाळ कोरं ऱ्हायलं तर आपून लिव्हू."

कानिफनाथानं उजव्या तळव्यावर पीठ घेतलं. सुरुंगाच्या भोकांनी, पहारीनं, दोरानं फाटलेला तळवा. त्यानं त्यो पोरीच्या कपाळावर ठिवला आन आस्ते आस्ते फिरवला, जल्मात कशालाच इतकं हळू शिवला न्हवता. पोरगी गप. तिच्या कपाळाची धग त्याच्या हातात उतरत गेली. लई उतरली. शेगडीएवढी.

मंग पंकजानं बत्ती धरली. कपाळ कोरं. एक रेघ न्हाई. बायडाबाई भितीला टेकून रडाय लागली, भ्यानं का सुटल्यावानी, तिचं तिलाच ठाव.

"झालं," कानिफनाथ म्हनला आन मूठ मिटून घेतली.

त्यानं बत्ती त्याच सांजंला पीरमहंमदाला परत केली. देन्याआधी त्याच्या दुकानामागल्या आंधारात एकदाच, आपल्याच तळव्यावर धरली. वळी हुत्या. उलट्या, आरशात दिसावं तशा. पिठाबरूबर धुतल्या न्हवत्या, मातीनं घासल्या तरी गेल्या न्हवत्या.

पीरमहंमदानं बघितलं. बत्ती त्यानं कापडात गुंडाळून घेतली.

"कुनाला दाखव, भाऊ. मोठ्या डॉक्टरला."

"दाखवून काय व्हनार? यंत्र गपच ऱ्हातंय." कानिफनाथ हासला. "ऱ्हाऊ दे. कपाळावरनं हातावर आलं. माझ्या हातावर काय कमी वंगाळ गोष्टी हायत?"

६

आता पोरगी बसाय लागली. दवाखान्यात बाई म्हनत्यात, वजन चांगलं हाय. तिचं नाव चांगुणा ठिवलं, बायडाबाईच्या आईचं. दात यायलेत, समद्यांना चावती. कानिफनाथ ईहीरीवर जातो, भांडतो, यारीचा दांडा उजव्या हातानंच वढतो. दमला की त्या हाताची मूठ मिटून बसतो. पोरीला डाव्या हातानं उचलतो. कोनी इचारलं तर म्हनतो, उजवा रापलाय, टोचंल तिला.

पर पोरगी त्याच मुठीकडं बघती. तिच्या पुढं खुळखुळा धरा, भाकरीचा तुकडा धरा, मोबाईल धरा. ती मान वळवून बापाची मूठ शोधती.

काल दुपारी त्यो वसरीवर भितीला टेकून जरा लवंडला. डोळा लागला. झोपेत मूठ ढिली झाली आसंल. जाग आली ती तिच्या बोटांनी. तिनं त्याचं एक एक बोट सरळ केलं हुतं, नेटानं, दम खाऊन. तळवा उन्हात उघडा पडला हुता. त्याला त्यावर घट्ट्यांबिगर काही दिसंना.

चांगुणा त्यावर वाकली हुती. तिचं इवलंसं बोट त्याच्या तळव्यावर चाललं हुतं. उजवीकडनं डावीकडं, आरशातलं वाचावं तसं. वळीच्या टोकाला गेलं की उचलायची, परत उजवीकडं आनायची, जरा खाली ठिवायची. व्हट हालत हुते, आवाज न्हवता.

त्याला हात वढून घ्यायचा हुता. ताकद हुती. पर तिचं तोंड त्यानं बघितलं, आन वढला न्हाई. पैल्यांदाच ते रागावलेलं न्हवतं. लई दया आल्यावानी ती त्याच्याकडं बघत हुती, म्हाताऱ्या मानसानं बघावं तशी.

मंग तिनं त्याची बोटं एक एक करून परत मिटली. अंगठ्यावर आपली इवली मूठ दाबून धरली. सोडंना.